हाकेचे अंतर



वसंतातल्या या उकाड्यात मी आज आपल्याला बर्फात नेणार आहे. हातातल्या कागदाने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे थंडीच्या गोष्टी करणे ही थोडी क्रूर थट्टाच आहे. पण विषय थंडीचा असला तरी त्याचे मूळ घरात आहे, आणि घर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

अमेरिकेत चाकांवरचे घर हा प्रकार जुना आहे. तिकडे त्याला 'आर. व्ही.' म्हणतात, आपण मोटारघर म्हणू. काही घरे मोटारीमागे जोडून ओढतात, तर काहींत मोटार आणि घर एकच. आत बिछाना, शेगडी, मोरी, संडास, सगळे असते. वॉली बायम या गृहस्थाने १९३१ साली अशा घरांची 'एअरस्ट्रीम' कंपनी काढली. पुढे १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली, देशभर रुंद रस्ते झाले आणि ही घरे धावू लागली. आज थंडी पडली की उत्तरेकडची कितीतरी निवृत्त माणसे आपले घर घेऊन फ्लॉरिडा, टेक्सस, ॲरिझोना अशा उबदार मुलखांत उतरतात. लोक त्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फाची पाखरे, म्हणतात. ॲरिझोनातले क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातले लहानसे गाव हिवाळ्यात अशा घरांनी फुलून जाते.

पण नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, म्हणजे त्यांचा 'थँक्सगिव्हिंग'चा सण, आणि त्यामागून नाताळ आला की यांतली काही पाखरे उलटी उडतात. ऊब दक्षिणेला असली तरी नातवंडे उत्तरेला असतात!

असेच एक जोडपे मी पाहिले. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी डेन्व्हरला मुलाकडे राहिलो होतो. नाताळच्या चार दिवस आधी शेजारच्या अंगणात एक मोटारघर येऊन उभे राहिले. आजोबा-आजी फीनिक्सहून निघाले होते. फ्लॅगस्टाफ, अल्बुकर्की करीत ते उत्तरेला वळले. वाटेत रॅटनचा घाट लागतो, सुमारे ७,८०० फूट उंचीचा. घाटात बर्फ आहे असे कळताच ते दोन दिवस अलीकडेच मुक्काम करून राहिले. आजोबा म्हणाले, "घर बरोबर असल्यावर घाई कसली?"

मुलाच्या घरात एक खोली मोकळी होती, तरी दोघे रात्री मोटारघरातच निजत. मला ते खटकले. आईबापांना अंगणात ठेवतो की काय हा मुलगा! न राहवून आजींना विचारले. त्या हसून म्हणाल्या, "मी घरात निजले की सून सकाळी पाऊल न वाजवता चालते. तिला सुट्टी मिळते चार दिवस. ते मी का बिघडवू?"

आपल्याकडे म्हणतात, 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई.' मी मनात चपापलो. मुलाच्या घरी आमचा तिसरा दिवस नव्हे, तिसरा महिना चालू होता!

आता त्या थंडीविषयी थोडे सांगतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळी फोडते. म्हणून हिवाळ्यात निघालेले शहाणे लोक मोटारघराच्या नळ्या रिकाम्या करतात, त्यांत न गोठणारे गुलाबी द्रव भरतात आणि वापरायचे पाणी डब्यांतून नेतात. ऊब देणारी भट्टी प्रोपेन वायूवर चालते. ब्यूटेनची वाफ होणे शून्य अंशाच्या आसपासच थांबते. प्रोपेनची मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. परंतु त्या भट्टीचा पंखा विजेवर चालतो, आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जोर ओसरतो.

नाताळच्या आदल्या रात्री नेमके हेच झाले. पारा शून्याखाली वीस अंश उतरला. घरातून मोटारघराला दिलेली विजेची तार बर्फात कुठेशी निसटली. बॅटरी संपली, पंखा थांबला, भट्टी विझली. आजोबांनी ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवली आणि दारे-खिडक्या घट्ट लावल्या. बंद जागेत अशी शेगडी जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. भिंतीवरची धोक्याची घंटा वाजली म्हणून बरे! ती सुनेने ऐकली. ती घरातल्या सपाता घालून तशीच बर्फातून धावली आणि दोघांना ओढून घरात घेऊन आली.

आजोबा म्हणाले, "तुमची झोप मोडू नये म्हणून हाक मारली नाही." ती रडत रडत जे बोलली त्याचा भाव असा होता, "तुमच्या या संकोचापायी आमचा सण सुतकात गेला असता!"

दुसऱ्या रात्री दोघे आत निजतील असे मला वाटले होते. पण तार घट्ट बसवून, भट्टी तपासून ते पुन्हा मोटारघरातच निजले. मात्र सुनेने दोन अटी घातल्या. नातवाचा खेळण्यातला बिनतारी फोन आजीच्या उशाशी राहील, आणि घराच्या मागच्या दाराला रात्री कडी लागणार नाही.

मंडळी, आपल्या भाषेत 'हाकेच्या अंतरावर' असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. आईबाप आणि संसारी मुले यांच्यात अंतर असावे की नसावे, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. माझे उत्तर असे की अंतर असावे, पण ते हाकेचे असावे. आणि नुसते हाकेचे असूनही भागत नाही. हाक मारण्याचा संकोच नसावा. त्या आजोबांचे अंतर वीस पावलांचे होते, पण संकोच प्राणावर बेतला असता. मुलाच्या घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या आमच्यासारख्यांचेही तसेच आहे. अडचण बोलून दाखवली नाही की आतल्या आत तिचा धूर साठतो, आणि त्यालाही वास नसतो.

त्याच आठवड्यात मी मुलाला आणि सुनेला जवळ बसवून विचारले, "आमच्यामुळे तुम्हाला काय जड जाते, ते सांगा." उत्तर यायला बराच वेळ लागला. पण आले, आणि आम्हीही आमचे सांगितले. त्यानंतरचा एक महिना आधीच्या तीन महिन्यांहून सुखाचा गेला.

आपल्यापैकी कित्येकांची मुले दूर आहेत. या सुट्टीत कोणी त्यांच्याकडे जाईल, कोणाकडे ती येतील. त्या वेळी मागच्या दाराची कडी काढून ठेवा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.