ऐंशी रुपयांचे कर्ज

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



दान हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान ही चतुर्विध परंपरा येथे कोणास सांगण्याचे कारण नाही. मला आज बोलावयाचे आहे ते दान आणि व्यापार यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका विषयावर, म्हणजे गरीब पण कष्टाळू माणसाला धंद्यासाठी द्यावयाच्या छोट्या, परतफेडीच्या रकमेवर.

दि. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते ऐंशी रुपये आणि तेही उसने. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांनी ते दिले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे हाच उद्योग ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने देशभर पोहोचला. छगनबापांनी पैसे दिले एवढेच आपण सांगतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे लक्ष. हिशेब चोख ठेवा, स्वस्तातला हलका माल काढू नका, एकच उत्तम प्रत ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. त्या भगिनींनीही कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही असा नियम केला. देणगी घेतली असती तर कदाचित ती एका वर्षात पापडाबरोबरच संपली असती.

दुसरे उदाहरण गिरणगावचे. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया संपाच्या काळातही उधारीवर ताट वाढत, आणि स्वतः मात्र वाणी व सावकार यांच्या देण्यात बुडत. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली. सरकारने 1972 मध्ये दुर्बल घटकांसाठी 4 टक्के व्याजाची कर्जयोजना आणली होती. तिचा लाभ बँक ऑफ बडोदामार्फत या स्त्रियांना मिळू लागला. तारण ठेवावयास त्यांच्यापाशी काहीच नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण. याच मंडळाचे कार्य पुढे आपल्या वाशीपर्यंत आले, हे येथील अनेकांस ठाऊक असेल.

आता आपल्या दाराशी पाहू. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने येथे आले. 1981 मध्ये कांदा-बटाटा, 1996 मध्ये भाजीपाला व फळे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मस्जिद बंदरची पेढी हलवून त्या निमित्तानेच नवी मुंबईकर झाली. त्याच बाजारातून पहाटे पाटी उचलणारा किरकोळ विक्रेता मात्र पुष्कळदा रोजाने पैसे घेतो. सकाळी कागदावर हजार, हातात नऊशे, आणि संध्याकाळी पुरते हजार परत. दिवसाला शंभर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर नऊशे रुपये वापरण्यासाठी सव्वीसशे रुपये! आपण व्यापारी आहोत, हा हिशेब आपल्याला कोणी समजावून द्यावयास नको. त्याला एकदाच पाच हजार मिळाले आणि त्याने ते रोज पन्नास-पन्नासने फेडले, तर शंभर दिवसांत तो त्या फेऱ्यातून बाहेर पडतो.

सरकारी योजना आहेत. 2015 ची मुद्रा आहे, 2020 ची फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी आहे. त्यांचा अर्ज भरून देणे, बँकेत सोबत जाणे, हेही आपले कार्यकर्ते करू शकतात, आणि जेथे ती वाट खुली आहे तेथे ट्रस्टचा पैसा गुंतवूच नये. ज्याच्यापाशी विक्रेत्याचे प्रमाणपत्र नाही, घरी बसून शिवणकाम करणारी, इस्त्रीचा ठेला लावणारा, त्यांच्यासाठी आपण.

एक सावधगिरी. 2010 साली आंध्र प्रदेशात लघुवित्त कंपन्यांच्या वसुलीपायी हाहाकार उडाला, आत्महत्या झाल्या, राज्य शासनास वटहुकूम काढावा लागला. एकाच घराला चार ठिकाणची कर्जे आणि वसुलीला दारात उभी माणसे. गरिबाला कर्ज देणे हे आपोआप पुण्यकर्म होत नाही. आजारपण आले तर हप्ता थांबवावयाचा, व्याज घ्यावयाचे नाही, आणि बुडालेली रक्कम अनुकंपादानात लिहावयाची, ही तयारी असेल तरच या वाटेस जावे.

एक अवघड प्रश्न मी टाळणार नाही. ही भूमी आगरी-कोळी बांधवांची. मासळीचा व्यवसाय करणारी भगिनी अर्ज घेऊन आली तर? श्रावकाला वर्ज्य असलेले व्यवसाय आपल्या शास्त्रांनी सांगितले आहेत. ट्रस्टचा पैसा हिंसेच्या धंद्यात जाऊ नये, याबाबत माझ्या मनात संदेह नाही. परंतु नकार त्या धंद्याला आहे, तिला नव्हे. तीच भगिनी मुलीच्या शिलाई यंत्रासाठी आली तर तिला प्रथम द्यावे. आणि भाजीवाल्याच्या पाटीत कांदे-बटाटे आहेत म्हणून कुरकुर करू नये. ती आपल्या ताटाची मर्यादा आहे, त्याच्या पाटीची नव्हे. काहींना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

शेवटी विश्वस्तांपुढे प्रस्ताव. ट्रस्टच्या घटनेत अशा साहाय्याची तरतूद आहे का, हे प्रथम सल्लागारांकडून तपासून घ्यावे. नसल्यास रीतसर दुरुस्ती करावी. मग सुवर्णमहोत्सवी निधीतून अडीच लाख रुपये वेगळे काढून पाच हजारांची पन्नास कर्जे द्यावीत. जात-धर्म न विचारता. दर पाच जणांमागे एक कार्यकर्ता, त्याने महिन्यातून एकदा पेढीवर नव्हे तर ठेल्यावर जावयाचे. अर्जदाराचे नाव फलकावर वा स्मरणिकेत छापावयाचे नाही. देणगीदाराचेही छापू नये असे मी म्हणेन, पण ते विश्वस्त मंडळावर सोडतो. ज्यांना कार्यकर्ता म्हणून नाव द्यावयाचे आहे, त्यांनी आज कार्यक्रमानंतर कार्यालयात थांबावे. व्यवसायातून निवृत्त झालेल्या बंधूंची तेथे विशेष गरज आहे.

जय जिनेंद्र.