कारभार कुणाचा, संशोधन कुणाचं?

(वाशी इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



विद्यापीठात लोकप्रशासन नावाचा विषय शिकवतात. कार्यक्षमता, पारदर्शकता, सुशासन! शब्द कसे गुळगुळीत. पण गटारात उतरणारा माणूस त्या जाडजूड ग्रंथांत कितव्या पानावर आहे? हुडकून दाखवा.

म्हणून हा विषय त्यांच्यावर सोडायचा? मुळीच नाही. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. वय वर्षं २४. कंपनी राज्य कसं करते, पैसा कुणाकडून येतो, कुणाकडं जातो, याचा हिशेब त्यांनी मांडला.

आता पायाखालची वाशी बघा. हे शहर वसवलं १७ मार्च १९७० ला स्थापन झालेल्या सिडकोनं. सरकारचीच, पण कंपनी कायद्याखालची कंपनी. गावांना ग्रामपंचायती होत्या. शहराचा निर्णय मात्र मतपेटीतून होत नव्हता. जमिनीचा मोबदला मागणाऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. महापालिका आली १ जानेवारी १९९२ ला, पहिली निवडणूक १९९५ ला.

मतपेटी आली. पण झाडू? झाडू ठेकेदाराकडं गेला. माणूस शहराचा कचरा उचलतो, आणि कचेरी म्हणते, 'तो आमचा नाही, ठेकेदाराचा.' कंत्राटी कामगार नियमन व निर्मूलन कायदाही १९७० चाच. त्यातलं निर्मूलन पुस्तकातच राहिलं. ठेकेदारानं मजुरी थकवली तर मुख्य मालकानं ती भरायची, असं त्याच कायद्यात लिहिलं होतं. किती कामगारांना हे कुणी सांगितलं?

गटारातल्या मृत्यूला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ३० लाखांची. भरपाई वाढली, माणूस खाली उतरवणं थांबलं नाही. त्याला उतरवायचा हुकूम कुणाचा, सही कुणाची, हे शोधणं म्हणजे संशोधन.

घटनेचा शब्दही न बदलता नुसत्या कारभाराच्या पद्धतीनं घटना मोडून काढता येते, असा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत दिला होता. मोडतोड कशी होते ते बघायला दिल्लीला जायला नको. आपल्या वॉर्डाचा हजेरीपट पुरे.

तेव्हा कामाला लागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. टेंडर मागा, हजेरीपट मागा, पगारपत्रक मागा, प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा मागा. हातमोजे, गमबूट कधी दिले, किती दिले, विचारा. मग वस्तीत जा. कामगाराच्या हातात पडलेला पगार लिहून घ्या. त्याचं नाव फोडू नका, त्याची भाकरी जाईल.

कागदावरचा आकडा आणि हातातला आकडा शेजारी शेजारी मांडा. मधली तफावत हाच आपला प्रबंध. पदवी नाही मिळाली तरी चालेल, वसुली झाली पाहिजे!

जयभीम.