निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि लोकप्रतिनिधी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आनेकल येथे भरलेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गोड बोलावे, गतकाळाचे स्मरण करावे, असा संकेत आहे. परंतु कार्यवाहांनी मला विषय दिला तो निवृत्तिवेतनाचा. मी केंद्र सरकारचा नोकर. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत. आम्हां मंडळींना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत खासदार-आमदारांचे वजन वापरण्यास त्यांत मनाई आहे, आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्यासही. तेव्हा मी आज माझ्यासाठी काही मागणार नाही आणि कोणावर दोषारोपही करणार नाही. जे प्रसिद्ध आहे तेवढेच क्रमाने मांडणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथील कारखान्यांत गेले. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम सरकारी निवृत्तांची हकीकत सांगतो, कारण तिच्यात एक धडा आहे. १९७९ साली केंद्राने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले. पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला. एक दिवस आधी निवृत्त झालेला मनुष्य कोरडाच राहिला. संरक्षण खात्यातील निवृत्त वित्त अधिकारी डी. एस. नकारा, त्यांच्यासोबत एक निवृत्त सेनाधिकारी आणि एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. पीठाचे अध्यक्ष होते आपले यशवंतराव चंद्रचूड. निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नसून केलेल्या सेवेचा मागाहून मिळणारा मोबदला आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांत भेद करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणून १७ डिसेंबर हा दिवस देशभर ‘पेन्शनर्स डे’ म्हणून पाळला जातो. पुढे १९८६ मध्ये याच संस्थेच्या खटल्यात, विकलेला निवृत्तिवेतनाचा भाग पंधरा वर्षांनी परत मिळू लागेल असे ठरले.

हे सारे न्यायालयातून मिळाले, म्हणून आपली समजूत अशी झाली की वकील चांगला मिळाला की काम झाले. २०२५ च्या वित्त अधिनियमाने या समजुतीकडे पुन्हा पाहण्यास लावले. केंद्रीय निवृत्तिवेतनाचे नियम वैध ठरविणारा एक भाग त्या अधिनियमात घालण्यात आला आणि निवृत्तांमध्ये भेद करण्याचा अधिकार सरकारला असल्याचे त्यात नमूद झाले. निवृत्तांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. त्या वादात मी शिरत नाही. परंतु त्यातून निघणारी गोष्ट कोणालाही मान्य व्हावी: न्यायालय कायद्याचा अर्थ सांगते, कायदा मात्र संसद करते. ज्याचा प्रश्न संसदेत कोणी मांडत नाही, त्याचा न्यायालयातला विजयही पुरता सुरक्षित नसतो.

आता कारखान्यातील निवृत्तांकडे वळू. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी भविष्य निर्वाह निधीच्या अंतर्गत कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. मालकाच्या वर्गणीपैकी वेतनाच्या ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के या निधीत जमा होतात. सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. मेख आहे ती पात्र वेतनात. त्याला कमाल मर्यादा आहे. २००१ पासून ती ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली.

एक हिशेब करून पाहू. योजना सुरू होताना कामावर लागलेला एखादा कामगार २०१२ च्या अखेरीस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. सेवा सतरा वर्षे. हातात पगार कितीही पडत असो, वर्गणी मर्यादेइतक्याच वेतनावर भरलेली असेल तर ६,५०० गुणिले १७ भागिले ७०, म्हणजे १,५७८ रुपये. मासिक, आणि मरेपर्यंत तेवढेच. कारण या योजनेत महागाई भत्ता नाही. त्याच्याच शेजारी राहणारा केंद्राच्या अगदी खालच्या पायरीवरून जुन्या नियमांखाली निवृत्त झालेला शिपाई घ्या. २०१६ पासून त्याचे किमान मूळ निवृत्तिवेतन ९,००० रुपये. जुलै २०२५ च्या ५८ टक्के दराने महागाईपोटी त्यात ५,२२० रुपये मिळाले. एकूण १४,२२०. दोघांनाही डाळ त्याच दुकानातून आणावी लागते. गणेशोत्सवात आपण याच दोघांना एका पंक्तीला बसवतो.

कारखान्यातील निवृत्तांनी गप्प बसणे पत्करले नाही. त्यांचा विनंतिअर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१३ मध्ये समितीने किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करावे अशी शिफारस केली. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये ठरले. त्यानंतर वर्षे उलटली तरी आकडा तोच राहिला. म्हणून विदर्भातील बुलढाणा येथे कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण आरंभले. मागणी अशी: किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नी दोघांना मोफत वैद्यकीय उपचार. २०२० मध्ये खासदार हेमामालिनी यांच्यासह त्यांचे शिष्टमंडळ पंतप्रधानांना भेटले. २०२४ मध्ये या योजनेतील निवृत्तांची संख्या सुमारे ७८ लाख होती. एवढ्यांचा प्रश्न बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या गावातून दिल्लीपर्यंत पोहोचवणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही योजना वर्गणीतून जमलेल्या निधीवर चालते. सरकारी निवृत्तिवेतन अर्थसंकल्पातून येते, हे तसे नाही. किमान रक्कम वाढवायची तर तूट कोणी तरी भरून काढावी लागते. ती मालकाने भरावी, आज काम करणाऱ्या तरुणाने भरावी, की करदात्याने? या प्रश्नाला बगल देऊन केलेली मागणी टाळ्या मिळवते, मंजुरी मिळवत नाही. आपल्या कागदात या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे. एकदम सारे न मागता, आधी समितीने सुचवलेले ३,०००, मग महागाईशी सांगड, अशा पायऱ्याही मांडता येतील.

औषधपाण्याचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. केंद्रीय निवृत्तांना केंद्रीय आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत. पण आनेकलहून बंगळूर शहराचा मध्य पस्तीस किलोमीटरांच्या आसपास. गुडघे धरलेल्या बाईने तीस गोळ्यांसाठी एवढा प्रवास करावा, ही सोय म्हणावी की शिक्षा? कारखान्यातील निवृत्तांपैकी ज्यांनी निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, काढली असतील त्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार घेता येतात. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण ती सोडून देतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचे ठरले. ही मोठीच गोष्ट आहे. पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. म्हातारपणाचा खरा खर्च रोजच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा, चष्म्याचा, दातांचा. तो दरमहा त्या १,५७८ रुपयांतूनच भागवायचा असतो. शिवाय साठ ते सत्तर या दहा वर्षांतील माणसाने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

मग लोकप्रतिनिधींकडे जायचे कसे? या बाबतीत आपल्या पूर्वजांची परंपरा मोठी आहे. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची गावोगाव चौकशी केली आणि १८७५ मध्ये थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. अर्जविनंत्यांच्या राजकारणाची पुढे थट्टा झाली. पण त्या अर्जांत आकडे असत, हे थट्टा करणारे विसरले. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जे भाषण केले, त्यात मिठावरील कर कमी करण्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी तो कर उतरला. त्या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी या शाळेच्या मुख्याध्यापकाने जमवलेली आकडेवारी होती. गोखल्यांचे नाव सर्वांना ठाऊक, जोशींचे थोड्यांना. प्रत्येक खासदारामागे असा एक जोशी असला पाहिजे, आणि तो होण्याचे काम आपल्यासारख्या मंडळाला साधण्याजोगे आहे.

लोकप्रतिनिधीला हार, श्रीफळ आणि दहा मागण्यांचे निवेदन रोज मिळते. ते निवेदन पाटलाच्या वाड्यातून पाटलाच्याच माळ्यावर जाते. त्याला उपयोगी पडते ते दोन पानांचे टिपण: किती माणसे, कोणत्या गावची, किती निवृत्तिवेतन, किती औषधखर्च, कोणत्या नियमात कोणता बदल हवा. अशा टिपणावरून तो प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न विचारू शकतो, श्रम खात्याच्या स्थायी समितीत मुद्दा काढू शकतो, किंवा आपल्या अर्जावर प्रतिस्वाक्षरी करून तो याचिका समितीकडे नेऊ शकतो. कोश्यारी समितीचे सारे प्रकरण एका अर्जातूनच उभे राहिले, हे ध्यानात ठेवावे.

आपल्यापुरती चार कामे सुचवतो. पहिले, मतदारयादी. वीस वर्षे येथे राहूनही पुष्कळांचे नाव अद्याप सातारा-सांगलीच्या यादीत आहे. जो येथे मतदार नाही, त्याचे ऐकण्याची निकड येथील प्रतिनिधीला कशी वाटावी? आनेकल हे बंगळूर ग्रामीण लोकसभा मतदारसंघात येते. तेथून २०२४ मध्ये निवडून आलेले डॉ. सी. एन. मंजुनाथ हे हृदयरोगतज्ज्ञ. जयदेव रुग्णालयाचे ते संचालक होते. म्हाताऱ्या माणसाच्या औषधखर्चाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला तर तो समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरे, भाषा. तालुका रुग्णालयात ज्येष्ठांसाठी ठराविक दिवशी वेगळी रांग आणि महिन्याची औषधे एकदम, ही मागणी राज्य सरकारकडची. ती शुद्ध कन्नडमध्ये लिहिली गेली पाहिजे. आपली मुले येथील शाळांत कन्नड शिकली आहेत. आजोबांचा अर्ज नातवाने लिहावा, याहून चांगला गृहपाठ कोणता?

तिसरे, सोबत. निवृत्तिवेतन मराठी नसते आणि कन्नडही नसते. एकाच यंत्रावर शेजारी उभे राहून काम केलेले कन्नड, तमीळ, तेलुगू बांधव याच १,५७८ रुपयांत दिवस काढत आहेत. आपल्या मंडळाच्या कागदावर त्यांच्या सह्या असाव्यात आणि त्यांच्या कागदावर आपल्या.

चौथे आणि मुख्य, हिशेब. दरवर्षी निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मंडळाच्या सभागृहात एक दिवस तरुणांनी यंत्र घेऊन बसावे, दाखले काढून द्यावेत, आणि त्याच वेळी संमतीने प्रत्येकाकडून पाच आकडे टिपून घ्यावेत: वय, सेवेची वर्षे, निवृत्तिवेतन, औषधखर्च, आणि अंतर, म्हणजे जवळचा उपयोगी दवाखाना किती दूर. नावे गुप्त ठेवावीत, आकडे पाठवावेत. शंभर माणसांचा असा प्रामाणिक तक्ता कोणत्याही मोर्च्यापेक्षा अधिक काळ टिकतो. मी ज्या खात्यात आहे तेथे कागद वाचणे हाच माझा उद्योग आहे. घोषणेने फाईल उघडते, पण पुढे सरकते ती आकड्यांवर, एवढे अनुभवाने सांगतो.

मिळत काहीच नाही, असे मात्र मानू नये. निवृत्तिवेतन घेण्यासाठी पूर्वी ठराविक बँकेचा आणि शाखेचा आग्रह असे. मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसाला कागद हलवण्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत. जानेवारी २०२५ पासून देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून ते मिळण्याची व्यवस्था झाली. गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना याचे मोल निराळे सांगायला नको.

पन्नास वर्षांत या मंडळाने नाटके केली, वाचनालय चालवले, लग्ने जुळवली, अडल्यानडल्याला पैसा उभा करून दिला. हे सारे ज्यांनी उभारले त्यांच्यापैकी बरेच जण आज पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांना शाल आणि श्रीफळ आपण दिलेच आहे. परंतु शालीने महिन्याची औषधे येत नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या शिलकीतून एक छोटी खोली, एक टेबल आणि दोन लिहिणारे तरुण एवढी तजवीज या वर्षी करावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. मी निवृत्त झाल्यावर त्या टेबलाशी बसायला येईन. तोवर नियम मला जेवढे करू देतात, तेवढे टिपणांचे मसुदे तपासून द्यायला मी आहेच.