वस्तीतलं कायद्याचं दार उघडं ठेवूया
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या वस्तीतलं विधी सहाय्य केंद्र बंद करून त्याचं काम जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या एका कार्यालयात हलवायचा प्रस्ताव आहे. बाकीचं काम फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर होईल, असं सांगतात. या सगळ्याला नाव दिलंय 'पुनर्रचना'. मी सहा वर्षं या केंद्रात विधी स्वयंसेविका म्हणून बसते. या प्रस्तावाला विरोध का करायचा आणि कसा करायचा, एवढंच आज बोलते.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. मोफत कायदेशीर मदत हा सरकारचा उपकार नाही. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ आलं. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेल्या कैद्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो खटला हुसैनआरा खातून या नावाने ओळखला जातो. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही हे नाव वाचतो. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये मदत कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार यांना ती मिळते. बाई आणि मूल यांचं तर उत्पन्नही विचारायचं नसतं. यादीत धर्माचं नाव नाही. म्हणून आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेतून यावं लागतं. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला कुठे जायचं, कोणता कागद लागतो, हे शेजारी बसलेलं कोणीतरी सांगतं तेव्हाच माणूस पुढे सरकतो.

केंद्रात माणसं कशी येतात ते सांगते. 'माझा खटला आहे' असं म्हणत जवळजवळ कोणीच येत नाही. कोणी रेशनकार्ड घेऊन येतं. कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर शेख आहे आणि आधारवर शैख. कोणाची जन्मनोंद राहून गेलेली असते. २०२५ साली राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदणीची पद्धत आणखी कडक केली. तेव्हापासून असे लोक जास्त घाबरलेले दिसतात. कागदातली एका अक्षराची चूक आज किती महाग पडू शकते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाया तर आणखी वेगळ्या वाटेने येतात. पहिल्या दिवशी ती गॅसच्या सबसिडीचं विचारते. दुसऱ्या खेपेला मुलाच्या ॲडमिशनचं. तिसऱ्या खेपेला दार लोटून घेते आणि दंडावरचा वळ दाखवते. तलाकनंतर पोटगी मागता येते का, हे ती त्यानंतर विचारते. मागता येते. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम बाईही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. निकाल दिल्लीत लागतो, पण तो तिच्यापर्यंत पोचायला तिसऱ्या खेपेची सोय लागते. न्यायालयाला दोन बस बदलून जावं लागत असेल, तर तिसरी खेप होतच नाही. आणि घरातला एकुलता स्मार्टफोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर व्हिडिओ कॉल कोण करणार?

समोरच्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे, असं मी म्हणणार नाही. न्यायालयात वकील रोज भेटतात, फाइल एका जागी राहते. १५१०० या हेल्पलाइनवर रात्री कुणाला अटक झाली तर फोन करता येतो, तो नंबर प्रत्येकाने सेव्ह करावा. आपलं केंद्रही आदर्श नाही. वकील आठवड्यातून एकदाच येतात, नोंदवही अर्धवट असते. म्हणून 'आहे तसंच राहू द्या' ही आपली मागणी नको. वस्तीतलं केंद्र ठेवा, वकिलांचे दिवस वाढवा, आणि हेल्पलाइन त्याच्या जोडीला द्या, अशी मागणी हवी.

हा प्रश्न आपल्या एकट्या गावाचाही नाही. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ सांगतो की २०१९ ते २०२४ या काळात देशातल्या विधी स्वयंसेवकांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली. परदेशातही हे घडलंय. कॅनडात टोरांटोच्या पार्कडेल वस्तीत १९७१ पासून असं केंद्र चालतं. भाडेकरू, स्थलांतरित आणि कमी पगारावरचे कामगार तिथे जातात. २०१९ साली ऑन्टारियो सरकारने कायदेशीर मदतीचा निधी सुमारे ३० टक्क्यांनी कापला. पार्कडेलला त्याचा फार मोठा फटका बसला. वस्तीतले लोक, वकील आणि कायद्याचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने पुढची ठरलेली कपात थांबवली. गेलेले पैसे काही परत आले नाहीत, पण कुऱ्हाडीचा पुढचा घाव टळला.

आता आपलं काम. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयाची माहिती आणि कारणं सरकारी यंत्रणेने स्वतःहून द्यायची असतात. ती मिळालेली नाहीत, म्हणून अर्ज करा. तीन वर्षांत किती लोक आले, त्यांत बाया किती, किती प्रकरणं न्यायालयात गेली आणि किती केंद्रातच मिटली, हे आकडे मागा. जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. निवेदन त्यांच्याच नावाने द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

दुसरं, हा 'मुसलमानांचा प्रश्न' म्हणून मांडू नका, कारण तो तसा नाहीच. आपल्या केंद्राच्या बाकावर सफाई कामगार बसतात, पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या बाया बसतात, आंध्रातून आलेले गवंडी बसतात. निवेदनावर त्यांच्याही सह्या हव्यात. मशिदीच्या दारात सह्या घ्याल, तशा बचत गटाच्या बैठकीत आणि मजूर अड्ड्यावरही घ्या.

तिसरं, लोकांचे अनुभव लिहून घ्या, पण त्यांच्या परवानगीने आणि नाव न लिहिता. मारहाण सोसलेल्या बाईची ओळख उघड करून केंद्र वाचवायचं असेल, तर ते केंद्र वाचवण्यात अर्थ नाही.

दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो. त्या दिवशी अधिकारी स्वतः लोकांमध्ये येतात, हक्कांवर भाषणं होतात. यंदा त्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसा. भाषण संपलं की हात वर करा आणि विचारा, 'साहेब, हा हक्क मागायला आम्ही नेमकं कुठे यायचं?'