अंधारातली धाव



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘अंधारात एकट्याने धावण्याचे भय’ असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आणखी एखादा विषय सुचतो का, पाहा.” त्यांचे काही चुकले नाही. ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय आणि कापसाचे अर्थकारण यांवर विद्वानांनी बोलावे, तेथे उभे राहून आम्ही आपल्या पळण्याची कथा सांगावी, हे जरा विसंगतच आहे. परंतु या गावात हा विषय वाटतो तितका हलका नाही, हे तासाभरात आपल्याला पटवून देता आले तर पाहावे, असा विचार करून आम्ही आलो आहोत.

आपल्या वऱ्हाडात ज्याला धावावयाचे आहे, त्याला अंधार चुकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. सकाळी आठ वाजता डांबरी रस्ता तापू लागतो आणि संध्याकाळी सूर्य मावळला तरी जमिनीतून वाफा निघत राहतात. तेव्हा उरते ती पहाट. साडेचार ते सहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले याच वेळी रस्त्यावर असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावून दाखवावे लागते, आणि त्या धावेच्या गुणांवर पुष्कळांच्या घरची चूल अवलंबून असते. म्हणजे अंधाराचे भय हा हौशी लोकांच्या गमतीचा विषय नाही. कित्येक घरांत तो भाकरीचा विषय आहे.

आम्ही स्वतः मात्र हौसेने धावू लागलो नाही. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवला आणि म्हणाले, “आता हालचाल करा.” नवे बूट आणले. पहिल्या दिवशी साडेचारला नव्या वस्तीतून निघालो. दिवे होते तोवर छाती पुढे होती. शेवटचा खांब मागे पडला आणि कोणीतरी पाठीमागून धावत येत आहे असे वाटू लागले. आम्ही थांबलो की तेही थांबे. आम्ही पळालो की तेही पळे. आम्ही जे मागे वळलो ते थेट घराच्या दारात येऊन उभे राहिलो. सौभाग्यवतींनी विचारले, “इतक्या लवकर?” आम्ही म्हणालो, “गुडघा दुखतो.” तो गुडघा आठ दिवस दुखत होता! पुढे कळले की रस्त्याच्या कडेला एक लांब भिंत आहे, आणि आमच्याच बुटांचा आवाज तिच्यावर आपटून आमच्याकडे परत येत होता.

भय वाटणे ही लाजेची गोष्ट नाही. लहानपणी आपल्याला चोरांचे, भुतांचे आणि सापांचे भय वाटे, दिव्यावाचून झोप येत नसे, असे महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. पुढे ज्या पुरुषाने साम्राज्याला भीक घातली नाही, त्याला अंधाराने भिवविले होते. आपले पूर्वजही काही वेगळ्या मातीचे नव्हते. पेशवाईत पत्रे घेऊन धावणारे जासूद पुष्कळदा जोडीने पाठवीत. ‘जासूदजोडी’ हा शब्दच त्यावरून आला. पुढे इंग्रजी अमदानीत टपालाची थैली घेऊन रानातून पळणारा हरकारा आपल्या काठीला घुंगरे बांधी. त्या आवाजाने जनावर दूर राही, हे तर खरेच. पण एकट्या माणसाला सोबतही होत असेल.

मग हे भय जावे कसे? “तिथे काही नसते रे” असे सांगून ते जात नाही. आमच्या पिढीला हे वाक्य हजार वेळा ऐकवले गेले आणि एकदाही उपयोगी पडले नाही. आम्हांस याचे उत्तर एका जाणकाराकडून मिळाले. तो कोणी मानसशास्त्रज्ञ नव्हता. स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर भेटलेला, रेल्वेतून निवृत्त झालेला एक गँगमन होता.

बडनेरा हे लोहमार्गाचे गाव. मुंबईहून निघालेला हा मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, तेव्हापासून आपल्या गावाचे घड्याळ गाड्यांवर चालते. रात्री अंथरुणात पडून गाडीचा आवाज ऐकताना आपल्याला त्या मार्गावर कंदील घेऊन चालणारा माणूस आठवत नाही. पावसाळ्यात पाण्याने भराव खचतो, हिवाळ्याच्या रात्री थंडीने रूळ आकसतात आणि एखाद्याला तडा जातो. म्हणून रात्री गस्त घालावी लागते. गस्तवाला हातात दिवा, गळ्यात शिटी आणि पिशवीत फटाके घेऊन आपल्या हद्दीत चालत राहतो. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रुळावर बसवले की इंजिनाच्या चाकाखाली मोठा आवाज करून चालकाला थांबण्याची खूण करतात. रूळ तुटलेला दिसला तर त्या माणसाने लाल दिवा दाखवीत गाडीच्या दिशेने धावत सुटावयाचे असते. मोठ्या मार्गावर सहाशे मीटरवर एक फटाका आणि बाराशे मीटरवर आणखी तीन, असा रेल्वेचा नियम आहे. अंधारात एकट्याने धावणे म्हणजे काय, ते या माणसाला विचारावे.

आम्ही विचारले. तो म्हणाला, “भाऊ, भेव मलेही वाटे. पहिल्या पावसाळ्यात तं देवाचं नाव घेत घेतच चाललो. मंग एक केलं. सुट्टीच्या दिवशी तीच लाइन दिवसा पायी फिरून पाह्यली. कोन्या पुलाखाली पानी वाजते, कोठी बाभूळ हाये, कोठी कुत्रे रायतात, सारं पाह्यलं. मंग रातच्यानं जो आवाज आला, त्याचं मले नाव माहीत होतं. नाव माहीत असलं म्हंजे भेव कायचं?”

आम्ही पुढे विचारले, “कधी धावावे लागले का?” “एकडाव. हिवाळ्यात. रूळ तुटला होता.” “तेव्हा भीती वाटली?” तो हसला. “वाटली ना! पन गाडीची वाटली. अंधाराची नाही.”

बंधुभगिनींनो, आजच्या व्याख्यानात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते सारे या एका उत्तरात आले. त्या माणसाचे भय नाहीसे झाले नव्हते. ते आपल्या योग्य जागी जाऊन बसले होते. भय हे घरातल्या राखणदारासारखे आहे. त्याला हाकलून द्यावयाचे नाही. कोणावर भुंकावे आणि कोणावर भुंकू नये, एवढे त्याला शिकवावयाचे आहे.

आता ज्यांवर भुंकू नये, त्यांकडे प्रथम वळू. आपल्याकडे चकवा आहे, हडळ आहे, पिंपळावरचा मुंजा आहे. आपल्यापैकी कित्येकांना अंधारात काहीतरी पांढरे उभे असलेले दिसले आहे आणि टक लावून पाहताच ते नाहीसे झाले आहे. ते खोटे बोलत नाहीत. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे पाहणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो, आणि त्या पडद्याच्या मधोमध दाटलेल्या असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी मात्र अगदी मध्यभागी नसतात. त्या भोवताली पसरलेल्या असतात. म्हणून अंधारातली फिकट वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते आणि सरळ पाहिले की जाते. भूत पळाले असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण डोळ्याचा नको तो भाग तिच्याकडे वळवलेला असतो. किंचित बाजूला पाहा. तो धुण्याचा दगड किंवा सिमेंटचे रिकामे पोते पुन्हा जागेवर दिसेल.

तसेच दूरच्या दिव्याचे. काळोखात एकुलत्या एक ठिपक्याकडे पाहत राहिले तर स्थिर दिवाही हलल्यासारखा भासतो, कारण तो कशाच्या मानाने स्थिर आहे, हे ठरविण्यास आजूबाजूला काही दिसत नसते. शेतातल्या कित्येक भुतांच्या मशालींचे मूळ येथे असावे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास अर्धा तास लागतो. झगझगीत उजेडातून एकदम बाहेर पडून धावू लागणारा माणूस त्या अवधीत निम्मा आंधळा असतो. म्हणून निघण्यापूर्वी ओट्यावर मंद उजेडात थोडा वेळ बसावे आणि मोबाइल खिशात ठेवावा.

दुसरी गोष्ट सवयीची. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खात असताना त्यांनी ससा प्रथम लांब ठेवला आणि दर वेळी थोडा थोडा जवळ आणला. शेवटी मूल सशाला कुरवाळू लागले. आमच्या गँगमनाला या बाईंचे नाव ठाऊक नव्हते, पण दोघांची वाट एकच. आम्हीही ती धरली. आठवडाभर तोच रस्ता दिवसा चाललो. मग एका मित्राला सोबत घेतले. मग मित्र शेवटच्या खांबाशी उभा राहू लागला आणि आम्ही पुढे शंभर पावले जाऊन परत येऊ लागलो. दर दोन दिवसांनी शंभर पावले वाढवली. आणि एक नियम पाळला: भीती वाटली तर पळत परतावयाचे नाही, उभे राहावयाचे, दहा श्वास मोजावयाचे आणि चालत परतावयाचे. भिऊन पळालो की भय खरे ठरते. महिन्याभराने आमचा गुडघा दुखावयाचा थांबला!

आता ज्यांवर भुंकावे, त्यांकडे येऊ. पहिले वाहन. भरधाव ट्रकच्या चालकाला काळ्या कपड्यातला माणूस दिसत नाही. तेव्हा हमरस्ता टाळावा. टाळता आला नाही तर पांढरा किंवा चमकता कपडा घालावा आणि उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून धावावे. दुसरा साप. मण्यार रात्रीच हिंडते. विजेरीचा झोत पायांपुढे असावा. तिसरे कुत्रे. ते अंगावर आले तर पळू नये. थांबावे, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे व्हावे. चौथा बिबट्या. पोहरा-मालखेडच्या जंगलात तो आहे आणि शहराच्या कडेलाही येतो. त्या बाजूला अंधारात एकट्याने धावणे याला आम्ही धाडस म्हणणार नाही. तो अविचार आहे.

आणि पाचवा, माणूस. येथे आमचे व्याख्यान अडते.

आमच्या शेजारची एक मुलगी भरतीची तयारी करते. आम्ही मोठ्या उत्साहाने तिला हे सारे सांगितले. डोळ्यांतील पेशी, शंभर पावले, दहा श्वास. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, मला भुताची भीती वाटतच नाही. मोटारसायकल हळू झाली की वाटते.” आम्हांस उत्तर सुचले नाही. आमचे भय भिंतीवरच्या आवाजाचे होते. तिचे खऱ्या आवाजाचे होते. अंधार सर्वांना सारखा नसतो, हे आम्हांस पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

तिला काय सांगावे? घरी बस, असे सांगणे सोपे आहे, आणि पुष्कळ घरांत तेच सांगितले जाते. पण मग आठशे मीटर धावून नोकरी मिळविणार कोण? मैत्रिणींबरोबर धाव, वेळ आणि वाट घरी सांगून जा, ११२ हा आकडा हाताशी ठेव, हे आम्ही सांगितले. ती ते करतेही. परंतु एवढे सांगून आपली सुटका होत नाही. खोटे भय ज्याचे त्याने घालवावे. खरे भय मात्र सर्वांनी मिळून घालवावयाचे असते. रूळ तुटला असता गाडीतल्या प्रवाशांना ‘धीर धरा’ असे कोणी सांगत नाही. कोणीतरी उठून लाल दिवा घेऊन धावतो.

तेव्हा आमची आपल्याजवळ एक लहानशी मागणी आहे. या सभेत पहाटे उठणारे पुष्कळ वडीलधारे आहेत. आपण घरातच येरझारा घालता. त्या रस्त्यावर घाला. दुकानदारांनी पाटीचा दिवा उजाडेपर्यंत जळू द्यावा. ओट्यावर चहा घेणाऱ्या भगिनींनी तो पाच वाजता घ्यावा. आणि तरुणांनी मुलगी धावताना दिसली तर गाडी हळू न करता आपल्या वाटेने सरळ निघून जावे; तेवढाच त्यांचा मोठा उपकार होईल. पाचपन्नास घरांनी इतके केले तर त्या वाटेवरचा अंधार संपणार नाही, पण तो ओळखीचा होईल.

ती मुलगी सध्या शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालते. आम्ही आणि तिची आई कडेला चालत असतो. मागच्या आठवड्यात तिने आम्हांस विनंती केली की दोघांनी एका बाजूला न चालता समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभे राहावे, म्हणजे मधला भाग तिला एकटीला धावता येईल. आम्ही उभे राहिलो. अंधारात तिची पावले आमच्याकडून दूर गेली, काही क्षण ऐकू आली नाहीत, आणि मग पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, “आली, आली!”

उद्या पहाटे साडेचारला आम्ही तेथेच असू. मैदानाचे आणखी दोन कोपरे रिकामे आहेत.