परक्या मैदानावर



वर्धापनदिनाला ‘माझा प्रवास’ या विषयावर दहा मिनिटे बोला, असे मला सांगण्यात आले. काशी-रामेश्वर करून आलेल्या बायका समोर बसल्या असताना मी काय सांगणार? पण एका प्रवासाबद्दल मी तुमच्याशी खोटे बोलले आहे. तेवढे आज सांगून टाकते.

२०२५ च्या शिवजयंतीला प्रसादाचा शिरा माझ्याकडे होता. नागपूरची ताई आजारी आहे असे कळवून मी आले नाही. ताई ठणठणीत होती. मी क्रिकेटचा सामना बघायला गेले होते. हसा खुशाल.

हे वेड माझ्या वडिलांचे. दादा गिरणीत कामाला होते. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला आणि पहिलाच मुंबईने जिंकला. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत पंधरा वर्षे तो ओळीने मुंबईकडेच राहिला. ही साले दादा आरतीसारखी म्हणत. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर हरियाणाने अंतिम सामन्यात मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरवले. त्या रात्री दादा जेवले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलेले मला आठवते. मी दहा वर्षांची होते. दादांची एक हौस होती, परगावी जाऊन आपला संघ खेळताना पाहायची. “घरच्या मैदानावर कोणीही टाळ्या वाजवील,” असे ते म्हणत. पण रजा मिळायची ती गणपतीत गावी जाण्यात संपायची. हौस राहून गेली.

त्या फेब्रुवारीत मुंबईने त्याच हरियाणाला कलकत्त्यात हरवले आणि उपान्त्य सामना विदर्भाशी नागपूरला ठरला. कप्तान अजिंक्य रहाणे, म्हणजे आपल्या डोंबिवलीत वाढलेला मुलगा. नागपुरात सख्खी बहीण. एवढे सगळे जुळून आल्यावर मला राहवेना. यांना विचारले तर म्हणाले, “मोबाइलवर दिसतेच की!” सासूबाईंनी विचारले, “कोणाचे लग्न आहे? बाळंतपण?” लग्न, बाळंतपण, आजारपण आणि देव, बाईने घर सोडायची एवढीच कारणे आपल्याकडे चालतात. मी त्यांतले आजारपण निवडले, ते तुमच्यासाठी. घरात मात्र खरे तेच सांगितले. दोन दिवस यांनी काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी तत्काळचे तिकीट काढून आणले आणि न बोलता फ्रीजवर ठेवले.

रात्रभराचा प्रवास, आठशेवर किलोमीटर. १७ तारखेला सकाळी नागपुरात उतरले. त्या दिवशी ताईने घरातून हलू दिले नाही. पाटोडीचा रस्सा आणि सांबारवडी. तिकडे सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे ध्यानात ठेवा, नाहीतर बाजारात फजिती होते.

दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर मैदानावर गेले. ते गावात नाही, वर्धा रोडवर जामठ्याला आहे. खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा. चाळीस हजारांवर माणसे बसतील एवढे मोठे, पण रणजीला गर्दी कुठली! पाहुण्या संघाची माणसे त्यात ओळखू येतात, कारण रिकाम्या मैदानात एकटीची टाळी फार मोठी ऐकू येते. दोन ओळी पुढे बसलेल्या एका आजीबाई वळून म्हणाल्या, “काहून जी बाई, मुंबईच्या का?” मी मान डोलावली. त्यांनी सोललेले संत्रे पुढे केले.

विदर्भाने ३८३ केल्या होत्या. मुंबई खेळायला आली आणि पार्थ रेखडे नावाच्या मुलाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तीन गडी बाद केले. आजूबाजूचे सगळे उभे राहिले. मी बसून होते. शत्रूने नव्हे, मराठी बोलणाऱ्या माणसांनीच आपल्या पडझडीला टाळ्या वाजवाव्यात, हे फार लागले. बरे, रागवावे तर कोणावर? विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ साली करंडक जिंकला तेव्हा त्यांना शिकवणारे चंद्रकांत पंडित मुंबईचेच, आणि त्यांच्याकडून खेळणारा वासीम जाफरही मुंबईचाच. आपलीच माणसे तिकडे नांदायला गेलेली.

१९ तारखेला, तुम्ही इथे पाळणा म्हणत होता त्या दिवशी, आकाश आनंदने शतक पुरे केले. मी टाळ्या वाजवल्या आणि मग मला शिरा आठवला. तो कोणी केला, हे मला अजून माहीत नाही.

मुंबई २७० वर आटोपली, म्हणजे पहिल्या डावात ११३ धावांनी मागे. रणजीत असे आहे की सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असेल तो पुढे जातो. मुंबईला जिंकणेच भाग होते. यश राठोडने १५१ काढल्या आणि मुंबईपुढे ४०६ धावांचे आव्हान आले. पाचव्या दिवशी भाची म्हणाली, “मावशी, आज कशाला येतेस? हरणारच.” मी गेले. शार्दूल ठाकूर आणि शम्स मुलानी यांनी भागीत शंभर धावा केल्या, तेव्हा तासाभरासाठी आजीबाईसुद्धा गप्प झाल्या होत्या. पण हर्ष दुबेने पाच गडी घेतले आणि मुंबई ८० धावांनी हरली.

आजीबाई उठून माझ्याजवळ आल्या. “जेवलीस का बाप्पा?” एवढेच विचारले. मी जेवले नव्हते. दादांचे झाकलेले ताट डोळ्यांपुढे आले. मग डबा उघडला आणि दोघींनी मिळून ताईच्या पोळ्या खाल्ल्या. समोर विदर्भाची मुले एकमेकांना मिठ्या मारत होती. पुढे तो करंडकही त्यांनीच जिंकला.

परत येताना टोपलीभर संत्री आणली. ती तुम्ही सगळ्यांनी मंडळात खाल्लीत आणि ताईची प्रकृती विचारलीत. “आता बरी आहे,” असे मी म्हणाले होते. तर अध्यक्षीणबाई, पुढच्या शिवजयंतीचा शिरा माझ्याकडे, दुप्पट. फक्त त्या आठवड्यात मुंबईचा सामना कुठे आहे, ते आधी पाहून सांगते.