अनुभवाची किंमत कोण मोजतं?

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून आपण रेशन, पोटगी, रोजगार हमी यांवर बोलतोय. त्यानंतर ‘प्रकाशन व्यवसायातल्या पगारी उन्हाळी इंटर्नशिप’ हा विषय काहीजणींना चैनीचा वाटला असेल. मला तो तसा वाटत नाही. कोणाचं लिखाण छापायचं, कोणत्या शब्दांत छापायचं, हे एका टेबलावर ठरतं. त्या टेबलापर्यंत कोण पोचतं, हा आजचा प्रश्न आहे.

इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पदवीनंतर मुलगी दोन-तीन महिने प्रकाशन संस्थेत बसते. आलेली हस्तलिखितं वाचते, प्रुफं तपासते, मलपृष्ठाचा मजकूर लिहून बघते. पुढे जागा निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘अनुभव आहे का?’ तो अनुभव या उमेदवारीतच मिळतो. उमेदवारी बिनपगारी असेल तर तीन महिने घरून पैसे आणू शकणारीलाच तो मिळणार. गरिबाची मुलगी हुशार नाही म्हणून मागे राहत नाही. खोलीचं भाडं देता येत नाही म्हणून मागे राहते.

इंग्रजी पुस्तकांच्या धंद्यात हे उघड दिसतं, कारण तो मुख्यतः लंडन आणि न्यूयॉर्क या दोन महागड्या शहरांत एकवटला आहे. लंडनमध्ये बिनपगारी इंटर्नशिप करायची तर महिन्याला हजार पौंडांहून जास्त खर्च येतो, असा हिशेब सटन ट्रस्ट या संस्थेने २०१८ मध्ये मांडला होता. शिवाय अशा बऱ्याच जागा जाहीरच होत नाहीत. ओळखीपाळखीतून भरल्या जातात.

यातली एक गोष्ट आपण बायकांनी नीट पाहावी. अमेरिकेत ‘ली अँड लो’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये या व्यवसायातल्या माणसांची पाहणी केली. त्यात ७८ टक्के स्त्रिया निघाल्या. आपण टाळ्या वाजवणार, तेवढ्यात दुसरा आकडा येतो: ७९ टक्के गोरे. म्हणजे बायका आल्या खऱ्या, पण सगळ्या बायका आल्या नाहीत. ज्यांना सुरुवातीची कमाईविना वर्षं परवडली, त्या आल्या.

हे बदलावं म्हणून तिथे काही प्रयत्न झाले. ब्रिटनमधल्या पेंग्विन रँडम हाउसने २०१६ मध्ये नोकरीसाठी पदवीची अट काढून टाकली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आणि वांशिक अल्पसंख्य समाजांतल्या तरुणांसाठी पगारी उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाल्या. लंडनबाहेरून येणाऱ्या उमेदवारांना पुस्तक व्यवसायातल्याच लोकांनी आपल्या घरातली रिकामी खोली काही दिवस फुकट द्यायची, असाही उपक्रम निघाला. मला हा उपक्रम फार आवडतो. अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यांनी ओळखलं.

पण उमेदवारीला पगार दिला की काम संपलं असं नाही. ‘ली अँड लो’च्या २०१९ च्या पाहणीत इंटर्नपैकी जवळजवळ निम्मे गौरेतर होते, आणि तरी एकूण व्यवसाय ७६ टक्के गोराच राहिला होता. दार उघडलं, पण आत टिकायचं कसं? सुरुवातीच्या पगारात न्यूयॉर्कमध्ये राहणं कठीण. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये हार्परकॉलिन्सचे तिथले युनियनचे कर्मचारी संपावर गेले. सुरुवातीचा किमान पगार वर्षाला ४५ हजार डॉलरवरून ५० हजार करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये करार झाला आणि तो पगार टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर न्यायचं ठरलं. संघटना होती म्हणून ते झालं.

आता आपल्याकडे येऊ. मी पुण्यात मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम करते. बी.ए. करून गावाकडून आले तेव्हा एका प्रकाशकांनी सांगितलं, ‘सहा महिने या, शिका, मग बघू.’ सहा महिने दिवसा प्रुफं वाचली आणि संध्याकाळी दोन घरचा स्वयंपाक केला. पैसे स्वयंपाकाचे मिळाले. माझ्याबरोबर नगरहून आलेली मैत्रीण दुसऱ्या महिन्यातच परत गेली. तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

अशी मुलगी परत गेली की काय जातं, ते एका शब्दावरून सांगते. एका आत्मकथनाच्या हस्तलिखितात ‘कोरड्यास’ हा शब्द होता. शहरी संपादकाने तो ‘कोरडी भाजी’ असा सुधारला होता. भाकरीबरोबर जे काही कालवण असेल, अगदी पातळ आमटीसुद्धा, त्याला कोरड्यास म्हणतात, हे टेबलावर बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं म्हणून तो शब्द वाचला. बेबी कांबळे यांनी आपलं लिखाण वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं, तेव्हा कुठे ते लोकांसमोर आलं. लिहिणाऱ्या बाईइतकीच तिचं लिहिणं ओळखणारी बाई लागते. ती त्या टेबलावर हवी.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ऑफसेट मशीनवर किंवा पुस्तकबांधणीत शिकणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावं लागतं. त्याच छापखान्याच्या माडीवर प्रुफं तपासणाऱ्या मुलीची या कायद्याखाली नोंदच नसते. तिला ‘अनुभव’ देऊन वाटेला लावतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. म्हणजे शिकणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, हे तत्त्व सरकारनेही मान्य केलं आहे. आणि २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तर बिनपगारी प्रशिक्षणार्थी मुलीलाही कर्मचारीच मानतो. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या कचेरीतली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

शेवटचा मुद्दा आपल्याच घरातला. घरकाम हे काम आहे, त्याचं मोल करा, असं आपण वर्षानुवर्षं म्हणतोय. मग आपल्या नियतकालिकांची, पुस्तिकांची, अहवालांची प्रुफं कोण वाचतं? कॉलेजच्या मुली. काय देतो आपण त्यांना? चहा, प्रमाणपत्र आणि चळवळीत असल्याचा आनंद. कागदाचे पैसे देतो, छपाईचे देतो, टपालाचे देतो. मुलीच्या दोन महिन्यांच्या श्रमाचा रकाना मात्र अंदाजपत्रकात नसतो. ‘आपल्याकडे पैसा नाही’ हे खरं आहे. पण नेमक्या याच खर्चाला पैसा का नसतो, हे विचारायला हवं. सवड असलेल्या घरातल्या मुली आपल्याकडे येतात आणि वस्तीतल्या येत नाहीत, याचं कारणही बरंचसं इथेच आहे.

म्हणून माझ्या सूचना अशा. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गटाने निदान एक उमेदवार मुलगी घ्यावी, दोन महिन्यांसाठी, पगारी. पगार किमान वेतनाच्या खाली नसावा आणि पहिल्या आठवड्यातच काही उचल द्यावी, कारण खाणावळ आगाऊ पैसे मागते. जागेची सूचना तालुक्याच्या कॉलेजांत, वसतिगृहांत, वस्तीतल्या अभ्यासिकांत लावावी. ओळखीतून भरू नये. मुलगी बाहेरगावची असेल तर आपल्यापैकी कोणाच्या घरी खोली आहे, ते आज इथेच लिहून द्यावं. तिला नुसते लिफाफे चिकटवायला बसवू नये. हस्तलिखित वाचायला द्यावं, तिचं मत विचारावं आणि अंकात तिचं नाव छापावं. एका गटाला झेपत नसेल तर तिघींनी मिळून एकीचा खर्च उचलावा.

मोठ्या प्रकाशकांकडे ही मागणी आपण नेणारच आहोत. ती नेताना ‘तुम्ही काय देता?’ असं त्यांनी विचारलं, तर आपल्याकडे आकडा हवा. चर्चेला पंधरा मिनिटं आहेत. कागद फिरवतेय. कोणाकडे खोली आहे आणि कोण किती देणार, तेवढं लिहा.